पार्ले ते न्यूयॉर्क, व्हाया मर्टल अव्हेन्यू

२२ एप्रिल २०२४ ला सकाळी बाबा गच्चीवर गेले ते तिथेच उन्हात उभे राहिले. एअर इंडियाचं शेवटचं जंबो, बोइंग ७४७-४००, त्या दिवशी मुंबई सोडून कायमचं अमेरिकेला निघालं होतं. विकलं गेलं होतं. उडाल्यावर त्यानं पंख कलवून निरोप घेतला, त्याचे व्हिडिओ नंतर सगळ्यांच्या फोनवर फिरले. बाबा खाली आले, पायातल्या चपला काढल्या आणि म्हणाले, "चार इंजिनांचा विषय संपला. काढ तिकीट."

याला पार्श्वभूमी आहे. बाबा १९७३ ते २००८ एअर इंडियाच्या कलिन्याच्या हँगरमध्ये होते. जंबोंची इंजिनं हा त्यांचा संसार, आम्ही जोडधंदा. दादा अकरा वर्षं न्यू जर्सीत आहे आणि अकरा वर्षं बोलावतोय, पण बाबांचं एकच पालुपद: "समुद्र ओलांडायचा तर चार इंजिनं पाहिजेत. दोन असतील तर किनारा दिसला पाहिजे." मी एकदा दुबईहून जाणारं ए-३८० सुचवलं. त्यालाही चारच इंजिनं. तर म्हणे ती डबलडेकर बस. आणि आमचा रूट लंडनवरून. १४ मे १९६० ला एअर इंडियाचं ७०७ न्यूयॉर्कला गेलं ते लंडनवरूनच, मग आपण दुबईहून का जायचं?

म्हणून लंडनवरून. सप्टेंबरअखेर, ऐन पितृपक्षात. खालच्या काकूंना ते रुचलं नाही, पण माझी बँकेची रजा तेव्हाच मिळत होती. व्हिसाचं पुराण इथे लावत नाही.

दिवस पहिला: सहार

निघायच्या आदल्या रात्री बाबा पक्कड घेऊन बॅगेशी बसले. बॅगेला कुलूप लावायचं ही गोष्ट त्यांना मान्य नाही. चेनच्या दोन्ही टोकांच्या भोकांतून त्यांनी लॉकिंग वायर ओवली, बत्तीस थाऊची, म्हणजे इंचाचे बत्तीस हजारांश जाड. नट सैल होऊ नये म्हणून विमानात जी पिळाची तार बांधतात, तीच ही. टोकं हातात धरून पीळ देत देत आणायचं, इंचाला सहा ते आठ पीळ, आणि शेवटचं टोक आत वळवायचं म्हणजे कुणाच्या बोटाला लागत नाही. आमच्या घरी कुकरच्या कानापासून तुळशीच्या कठड्यापर्यंत सगळं असंच बांधलेलं आहे. "ही कापल्याशिवाय निघत नाही," बाबा म्हणाले. "आणि कापली की कापलेली दिसते."

टर्मिनल दोनला व्हीलचेअर आधीच मागवून ठेवली होती, ती त्यांनी बघितल्यासारखंही केलं नाही. ७४ वर्षांचा माणूस त्या लांबलचक चित्रभिंतीशेजारून माझ्यापुढे चालत होता आणि अधूनमधून मागे वळून सांगत होता की हे सगळं सहार, आम्ही यायचो तेव्हा इथे... पुढचं ऐकू आलं नाही.

लंडनपर्यंत बोइंग ७८७ होतं. सीटवर बसताच बाबांनी खिडकीच्या चौकटीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. धातू नाही, कार्बन फायबर. वजनानं जवळजवळ निम्मं विमान याच मालाचं. खिडकीला पडदा नाही, बटण दाबलं की काच निळी पडत जाते. ते दोघांनाही आवडलं नाही. पडदा वर सारायची मजा गेली. पण एक गोष्ट बाबांनी कबूल केली. जुन्या विमानांत केबिनमधली हवा आठ हजार फूट उंचीवर असावी तशी विरळ असायची, यात ती सहा हजारांची ठेवतात. कार्बन फायबरचं अंग भक्कम असतं आणि तो दाब सोसतं. साडेनऊ-दहा तासांनी उतरलो तेव्हा माझं डोकं खरंच जड नव्हतं.

सामानाबाबत एक सांगून ठेवते. लंडनला पेढे, बर्फी नेऊ नका. युरोपबाहेरून येताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तिथे नेता येत नाहीत, आणि आपली मिठाई त्यातच मोडते. आम्ही भाकरवडी, मेतकूट आणि गोडा मसाला नेला, तिन्ही सुखरूप पोहोचले.

दिवस दुसरा

लंडन. झोपलो. संध्याकाळी हाउन्स्लोमध्ये एका पंजाबी काकांच्या हॉटेलात डाळ खाल्ली. बाहेर बारीक पाऊस होता, मुंबईत ज्याला आपण पाऊस म्हणत नाही तो.

दिवस तिसरा: मर्टल अव्हेन्यू

हीथ्रोजवळ हॅटन क्रॉस नावाचं भुयारी रेल्वेचं स्टेशन आहे, पिकॅडिली लाइनवर. तिथून दहा मिनिटं चालत गेलं की मर्टल अव्हेन्यू नावाची साधी घरांची गल्ली लागते आणि गल्लीच्या टोकाला गवताचा तुकडा. मैदानही नाही म्हणता येणार. पण दक्षिणेकडच्या धावपट्टीवर पश्चिमेच्या वाऱ्यात उतरणारी विमानं याच गवतावरून जातात, इतकी खालून की चाकाच्या टायरवरच्या खाचा दिसतात. विमान निघून गेल्यावर क्षणभर शांतता असते आणि मग मागे राहिलेली हवा फटका मारल्यासारखी सूंऽऽ करत येते. झाडाची पानं उलटी होतात. पहिल्यांदा मी दचकले. बाबा टोपी धरून उभे राहिले, ठरवून.

तिथे कॅमेरेवाले दहा-बारा जण होते. त्यात एक म्हातारे इंग्रज गृहस्थ घडीची खुर्ची, चहाचा थर्मास आणि रुळलेली वही घेऊन बसले होते. प्रत्येक विमानाचा नोंदणी क्रमांक लिहून ठेवायचा, हा त्यांचा चाळीस वर्षांचा उद्योग. बाबांनी आपण कोण ते सांगितलं. गृहस्थ खुर्चीतून उठलेच. "तुमच्या जंबोंच्या खिडक्यांभोवती महिरपी रंगवलेल्या असायच्या," ते म्हणाले. "पाऊस असला की राखाडी रांगेत ते एकच विमान लग्नाला निघाल्यासारखं दिसायचं." हे मी मराठीत आणलंय, पण लग्नाचा दाखला त्यांचाच. बाबांना बोलता येईना. मग त्यांनी भाकरवडीचा पुडा पुढे केला.

पुढचे चार तास दोघांनी अटलांटिकचा सगळा हिशोब मांडला, मी मधे बसून भाकरवडी पुरवत होते. ब्रिटिश एअरवेजकडे एके काळी जगात सगळ्यात जास्त ७४७-४०० होती. न्यूयॉर्कचा रूट म्हणजे त्यांचीच ये-जा. करोनात, जुलै २०२० मध्ये, उरलेली ३१ एकदम निवृत्त झाल्याचं जाहीर झालं आणि ८ ऑक्टोबरला हीथ्रोवरून शेवटची दोन उडाली. पावसात. गृहस्थ कुंपणापाशी उभे होते. व्हर्जिन अटलांटिकची तर सुरुवातच १९८४ मध्ये एका जुन्या, भाड्याच्या ७४७ वर झाली, गॅटविक ते नेवार्क. पुढे त्यांनी ए-३४०-६०० घेतली, त्यालाही चार इंजिनं, आणि विमानाच्या अंगावर चक्क घोषवाक्य रंगवलं: लांब पल्ल्याला चार इंजिनं.

बाबा माझ्याकडे वळले. "बघ. मी एकटा नव्हतो."

"पण २०२० मध्ये ती सगळी गेली," गृहस्थ म्हणाले. "आता त्यांच्याकडे ए-३५०, ए-३३० आणि ७८७. सगळी दोन इंजिनांची."

यामागचं गणित बाबांना माहीत नव्हतं असं नाही, नकोसं होतं. ए-३५०-१००० च्या एका ट्रेंट एक्सडब्ल्यूबी इंजिनाचा जोर ९७ हजार पौंड. बाबांच्या पहिल्या जंबोंचं जेटी-९-डी पन्नास हजारांच्या आतबाहेर. म्हणजे आजचं एक तेव्हाच्या दोघांचं काम करतं. चार इंजिनं म्हणजे चार वेळा तेल, चार वेळा ओव्हरहॉल, चौघांचे सुटे भाग. विमान कंपनीच्या हिशोबनिसाला बाबांच्या समुद्राच्या भीतीशी काय देणंघेणं?

खरा धक्का पुढे होता. निळ्या शेपटीचं एक छोटं विमान डोक्यावरून गेलं. गृहस्थांनी वहीत लिहिलं आणि सांगितलं, हे जेटब्लूचं, अमेरिकेहून आलं.

"हे?" बाबा म्हणाले. "हे तर आपलं दिल्लीला जायचं विमान आहे!"

आणि खरंच ते ए-३२१ होतं. मधे एकच वाट, दोन्हीकडे तीन-तीन सीटा. त्याचं एलआर नावाचं रूप जादा टाक्या घेऊन सुमारे ७,४०० किलोमीटर जातं आणि जेटब्लू २०२१ पासून त्यानं लंडनला येतं. त्यापुढचं एक्सएलआर ८,७०० किलोमीटरचं. आम्ही परत आल्यावर, नोव्हेंबर २०२४ मध्ये, इबेरियानं ते माद्रिद-बोस्टन मार्गावर आणलं. म्हणजे आता तीनशे माणसं जमवायची गरज नाही, दीड-पावणेदोनशे मिळाली की मधल्या आकाराच्या गावांनाही थेट अटलांटिकपलीकडे जाता येईल. मला हे फार पटलं. बाबांना मुंबई-दिल्लीच्या सीटवर सात-आठ तास बसायची कल्पना पटली नाही. त्यांच्या गुडघ्यांच्या बाजूनं बघितलं तर त्यांचंही चूक नाही.

बरोबर तीन वाजता विमानं गायब झाली. एकही नाही. बाबांना वाटलं संप झाला. गृहस्थ हसले आणि खुर्ची मिटू लागले. आसपासच्या लोकांना आवाजापासून अर्धा दिवस सुटका मिळावी म्हणून पश्चिमेचा वारा असताना दुपारी तीनला उतरण्याची धावपट्टी बदलतात. कुणी जाणार असाल तर आधी विमानतळाचं त्या आठवड्याचं वेळापत्रक बघा. सकाळी दक्षिणेची असेल तर नऊपर्यंत पोहोचा. वारा पूर्वेचा असेल तर जाऊच नका. आणि तिथे चहाची टपरी नाही.

दिवस चौथा

डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळाची वास्तू बाहेरून पाहिली, १९३२ पासूनचं मंडळ. आत कार्यक्रम नव्हता. परत येताना बाबांचे बूट भिजले आणि हॉटेलच्या हेअर ड्रायरनं वाळवताना फ्यूज उडाला. बाबांनीच बसवून दिला.

दिवस पाचवा: अटलांटिक

मी मुद्दाम ए-३५० चं तिकीट काढलं होतं. त्याच्या शेपटीवर कॅमेरा असतो आणि सीटसमोरच्या पडद्यावर आख्खं विमान वरून दिसतं, ते बाबांना दाखवायचं होतं. खिडकीचे पैसेही भरले होते. निघायच्या दिवशी सकाळी फोनवर सीटचा नकाशा उघडला तर ३-३-३ ऐवजी २-४-२ दिसायला लागलं. विमान बदललं. ए-३३०, तेही जुनं. आमच्या सीटा दोन वेगवेगळ्या रांगांत. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हे सगळेच करतात: एक विमान दुरुस्तीला अडकलं की पत्त्यांसारखी बाकीची पिसतात. काउंटरवरच्या मुलीनं दोघांना शेजारी बसवून दिलं, भरलेले पैसे परत यायला मात्र सात आठवडे आणि चार ईमेल लागले.

यातून शिकलेलं: निघायच्या आदल्या दिवशी सीटचा नकाशा पुन्हा बघा. ३-३-३ म्हणजे बहुतेक ए-३५० किंवा ७८७, २-४-२ म्हणजे ए-३३०, ३-४-३ म्हणजे बहुतेक ७७७. दोघंच असाल तर २-४-२ सारखं सुख नाही, कुणाला उठवावं लागत नाही. बाबाही तेच म्हणाले.

दिवसाढवळ्या निघालो. अमेरिकेकडे जाणारी विमानं बहुतेक दिवसा जातात आणि येणारी बहुतेक रात्री येतात, आणि महासागरावर त्यांच्या वाटा रोज वाऱ्याप्रमाणे नव्यानं आखतात. जाताना समोरचा जोरदार वारा टाळायचा, येताना तोच पाठीवर घ्यायचा. म्हणून जायला साडेसात-आठ तास, यायला साडेसहा-सात. बाबा हे सगळं पडद्यावरच्या नकाशावर बोट ठेवून सांगत होते. आयर्लंड आलं. नकाशावर खाली कॉर्क असं नाव दिसलं आणि बोट थांबलं.

"व्हीटी-ईएफओ," ते म्हणाले.

मला कळायला वेळ लागला. सम्राट कनिष्क, आयर्लंडजवळ समुद्रावर बॉम्बस्फोटात गेलेलं एअर इंडियाचं जंबो. २३ जून १९८५. ३२९ माणसं. मी तेव्हा सात वर्षांची होते. बाबा दोन दिवस घरी आले नव्हते आणि आईनं रेडिओ बंद करून ठेवला होता, एवढंच आठवतं.

"त्याला पाच इंजिनं होती," बाबा म्हणाले. मला वाटलं चुकले. चुकले नव्हते. आधीच्या एका फेरीत टोरांटोला बिघडलेलं इंजिन त्या विमानाच्या डाव्या पंखाखाली पाचवं म्हणून बांधलं होतं, दुरुस्तीसाठी भारतात आणायला. चालू नाही, नुसतं वाहून न्यायचं. "आमच्या शॉपमध्ये स्टँड रिकामा करून ठेवला होता त्याच्यासाठी. कागद पण तयार होता. मी लिहिला होता." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. "तो स्टँड कुणी दुसऱ्या कामाला घेतला ते आठवत नाही."

खाली ढग होते. अहाकिस्टा नावाच्या गावात, समुद्राकडे तोंड करून, त्या लोकांचं स्मारक आहे. ते खाली कुठेतरी डाव्या हाताला असणार, आम्ही उजवीकडे बसलो होतो. बाबांनी जेवण घेतलं नाही, नुसता चहा घेतला, तोही तसाच गार झाला. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. मनगटाजवळ चामडी अजून गुळगुळीत आहे, हायड्रॉलिकचं जांभळं तेल उडाल्याची खूण. महासागराच्या मध्यावर कधीतरी त्यांना झोप लागली. किनारा कुठेच दिसत नव्हता आणि इंजिनं दोनच होती.

दिवस सहावा ते दहावा: एडिसन

दादा गाडी घेऊन आला होता. मिठी मारायच्या आधी त्यानं बॅगेची तार बघितली आणि हसत सुटला.

एडिसनबद्दल काय लिहायचं? ओक ट्री रोडवर पार्ल्यात मिळतं ते सगळं मिळतं, फक्त पार्किंगसकट. वहिनीनं बटाटेवडे केले. तळण झाल्यावर ती उरलेलं तेल बाटलीत भरून बाजूला ठेवत होती, तेव्हा पुतण्यानं सांगितलं की असल्या तेलावर विमान उडतं. आम्ही हसलो, पण खरं आहे: २८ नोव्हेंबर २०२३ ला व्हर्जिनचं ७८७ लंडनहून न्यूयॉर्कला आलं ते खनिज तेलाशिवाय, मुख्यतः टाकाऊ चरबी आणि वापरलेल्या तेलापासून बनवलेल्या इंधनावर. बाबा म्हणाले, पार्ले स्टेशनबाहेरच्या कढईतलं तेल दिलं तर विमान इंधनाशिवाय नुसत्या वासावर लंडन गाठेल.

बाकी पाच दिवस नातवंडं, कॅरम आणि मेतकूट-भात. पाऊस नाही, मेपलची पानं नुकती टोकांना लाल व्हायला लागली होती.

दिवस अकरावा: मॅनहॅटन

हडसन नदीवर पिअर ८६ ला इंट्रेपिड ही विमानवाहू नौका आहे, आता संग्रहालय. तिथे आवाजाहून वेगानं जाणारं काँकॉर्ड ठेवलंय, आणि तेही साधंसुधं नाही: ७ फेब्रुवारी १९९६ ला न्यूयॉर्क ते लंडन २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांत गेलेलं, प्रवासी विमानाचा अजून न मोडलेला विक्रम. बाबांनी खालून चारही इंजिनांच्या तोंडात वाकून बघितलं. एअर इंडियानंही एके काळी दोन काँकॉर्डसाठी पर्याय नोंदवून ठेवला होता, हे ते शेजारच्या एका अमेरिकन कुटुंबाला सांगून आले. मग मला म्हणाले, "आलं असतं तर आमची वाट लागली असती."

दिवस तेरावा: परत

दादानं आम्हाला जेएफकेला चार तास आधी सोडलं, कारण मला टीडब्ल्यूए या जुन्या अमेरिकन विमान कंपनीच्या नावाचं हॉटेल बघायचं होतं. टर्मिनल पाचला लागून आहे, राहत नसलात तरी आत फिरता येतं, आणि टर्मिनलांमधली एअरट्रेन फुकट आहे. १९६२ चं, पंख पसरलेल्या पक्ष्यासारखं टर्मिनल, आता त्याचं हॉटेल केलंय. आत खटखट पाट्या उलटणारा फलक, लाल गालिच्याचे बोगदे, आणि मागे मोकळ्यात उभं एक लॉकहीड कॉन्स्टेलेशन, जुनं पंख्यांचं विमान. त्यात आता बार आहे. १९४८ मध्ये मुंबईहून लंडनला गेलेली एअर इंडियाची मलबार प्रिन्सेस ही याच घराण्यातली, आणि बाबांना शिकवणारे मिस्त्री त्याच विमानांवर हात बसलेले. बाबा शिडीपाशी उभे राहून चारही पंख्यांची पाती मोजत होते. आत जाऊ म्हटलं तर नको म्हणाले, आत काय दारूच आहे.

"पण ही टीडब्ल्यूए काय चीज होती माहीत आहे का?" ते म्हणाले. "हिनंच सगळं सुरू केलं." तेव्हा कळलं. दोन इंजिनांच्या विमानानं जवळच्या विमानतळापासून एक तासापेक्षा लांब जायचं नाही, असा जुना नियम होता. १ फेब्रुवारी १९८५ ला टीडब्ल्यूएचं ७६७ दोन तासांच्या परवानगीनं बोस्टनहून पॅरिसला गेलं आणि समुद्र दोन इंजिनांना मोकळा झाला. पुढे ती मर्यादा तीन तासांवर गेली, ए-३५०-९०० ला तर ३७० मिनिटांची मिळाली.

"तेव्हा आम्ही हँगरमध्ये हसलो होतो," बाबा म्हणाले. "फेब्रुवारीत." त्याच वर्षीचा जून त्यांनी उच्चारला नाही.

पार्ले

सहारला बॅग पट्ट्यावर आली तेव्हा तार नव्हती. आत, कपड्यांवर, तपासणीसाठी बॅग उघडल्याची छापील चिठ्ठी होती आणि तिच्यावर तारेचा पिळाचा तुकडा नीट ठेवलेला. मला राग आला. घरी आल्यावर बाबांनी चष्मा लावून तो तुकडा दिव्याखाली धरला, कापलेलं टोक नखानं चाचपलं.

"साइड कटर होता," ते म्हणाले. "धार चांगली आहे. एका दाबात कापलंय."

तुकडा त्यांनी पक्कडीच्या डब्यात टाकला. दुसऱ्या दिवशी दादाचा फोन आला, पुढच्या वर्षी या म्हणून. बाबांनी विचारलं, ते एक वाटेचं छोटं विमान नेवार्कला येतं का.